आधी सांधा, मग खेळ: छोट्या कंपनीने मॉड्युलर पिनबॉल मशीन कसं उभं करावं

मॉड्युलर पिनबॉल म्हणजे कॅबिनेट, वीजपुरवठा आणि कंप्युटर कायम ठेवायचा आणि खेळाचा भाग तेवढा काढून दुसरा बसवायचा. शंभर किलोंहून जड धूड पुन्हा जिना चढवावं लागत नाही आणि गिऱ्हाइकाला नवा खेळ पूर्ण मशीनच्या किमतीपेक्षा पुष्कळ कमी पैशांत मिळतो. कल्पना जुनी आहे. अमेरिकेच्या विल्यम्स कंपनीने १९९९ मध्ये ‘पिनबॉल २०००’ आणलं. त्यात १९ इंची मॉनिटरचं चित्र काचेवर परावर्तित होऊन प्लेफील्डवर, म्हणजे बॉल फिरतो त्या उतरत्या फळीवर, तरंगल्यासारखं दिसायचं आणि अख्खं प्लेफील्ड बदलून त्याच मशीनवर दुसरा खेळ चढवता यायचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने पिनबॉलचा विभागच बंद केला. आज ही वाट सर्वांत नेटाने चालवते ती टेक्सासची मल्टिमॉर्फिक. त्यांच्या ‘पी३’ मशीनमध्ये प्लेफील्डच्या मधोमध स्क्रीन आहे, बॉल त्यावरून फिरताना कुठे आहे हे मशीनला कळतं आणि खेळ बदलताना मुख्यतः मागचा भाग बदलला जातो.

दोन्हींत फरक एकाच गोष्टीचा आहे: मशीन कुठे तोडायचं. छोट्या कंपनीने सगळ्यात आधी हेच ठरवायला हवं. कारण थीम, चित्रं, नियम, अगदी कंप्युटरसुद्धा पुढे बदलता येतो, पण पहिली पन्नास मशीनं गिऱ्हाइकांकडे गेल्यावर सांधा, म्हणजे कायमचा आणि बदलता भाग जुळतात ती जागा, बदलता येत नाही.

तोडायचं कुठे

पर्याय तीन. अख्खं प्लेफील्ड बदलणं सगळ्यात सोपं, कारण बॉलच्या वाटेत सांधाच येत नाही. पण दर खेळाला फ्लिपर (बटणाने बॉल मारणारे हात), बॉल ट्रफ (बॉल साठतात ती खालची पन्हळ), स्लिंगशॉट (फ्लिपरच्या वरचे, बॉल झटकणारे त्रिकोण), सगळं नव्याने भरावं लागतं आणि मॉड्यूल एका माणसाला उचलता येत नाही. दुसरा टोकाचा पर्याय म्हणजे प्रत्येक पॉप बंपर (बॉल लागताच त्याला उडवणारा गोल खांब) आणि प्रत्येक टार्गेट बँक (बॉलने टिपायच्या पट्ट्यांची रांग) सुटी करणं. कारखान्यात जुळणी आणि दुरुस्तीसाठी हे उत्तम. विकायचा माल म्हणून मात्र नाही, कारण खेळाचा नकाशा बदलत नाही. तिसरा पर्याय म्हणजे खालचा भाग कायम आणि वरचा बदलता. चार-सहा माणसांच्या कंपनीला हाच झेपतो. खालच्या भागात दोन फ्लिपर, स्लिंगशॉट, इनलेन-आउटलेन (फ्लिपरच्या बाजूंच्या अरुंद वाटा) आणि ट्रफ. वरच्यात रॅम्प (चढाच्या वाटा), लूप (वळसा घालणाऱ्या वाटा), बंपर, टार्गेट, खेळणी. पुढचं सगळं या तिसऱ्या पर्यायाबद्दल आहे.

बाहेरची मापं स्वतःची शोधू नका. प्लेफील्डची प्रचलित रुंदी २०.२५ इंच, म्हणजे ५१४ मिमी. काच २१ × ४३ इंच, ३/१६ इंच जाडीची, टफन्ड. पायांचे बोल्ट ३/८-१६. याच मापांत राहिलात तर काच, साइड रेल (काचेच्या बाजूच्या पट्ट्या), लॉकबार (काच अडकवणारी पुढची पट्टी), पाय, लेव्हलर (पायाखालचे उंची जुळवायचे स्क्रू) हे सगळं आयतं मिळतं आणि दहा वर्षांनी काच फुटली तरी मशीनचा मालक ती गावातून आणू शकतो. बॉल १-१/१६ इंची, म्हणजे २७ मिमी व्यासाचा, ८० ग्रॅमचा. प्लेफील्डचा उतार ६.५ अंश धरा.

वरच्या मॉड्यूलचं वजन १२ किलोंच्या आत ठेवायचं, असं पहिल्याच दिवशी भिंतीवर लिहून लावा. प्रत्येक नवी कल्पना आली की आधी वजनकाटा. मॉड्यूल काढायला दोन माणसं लागली की घरच्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ते न निघणारंच मॉड्यूल.

सांध्याची पायरी

फ्लिपरच्या पिव्हटपासून सुमारे ३०० ते ३५० मिमी वर, स्लिंगशॉटच्या डोक्यापलीकडे, आडवा सांधा घ्या. फ्लिपरने मारलेला प्रत्येक शॉट तो ओलांडणार, हे चुकत नाही. म्हणून इथे थोडं थांबून हिशेब करायला हवा. बहुतेक नवशिके इथे चुकीच्या गोष्टीची काळजी करत बसतात.

सगळ्यांना भीती वाटते ती फटीची. पण २७ मिमीचा बॉल १ मिमी रुंद फटीत किती खाली जातो? ०.०१ मिमीपेक्षाही कमी. २ मिमीच्या फटीतसुद्धा ०.०४ मिमी. फटीचा कानाला आवाज येईल, बॉलची वाट बिघडणार नाही.

घात होतो तो पायरीने. बॉल सांध्याकडे ताशी ११ किलोमीटरच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ३ मीटरने येतोय आणि पलीकडचा भाग फक्त ०.२ मिमी उंच आहे असं समजा. बॉल त्या काठाला तळापासून सुमारे १० अंशांवर धडकतो आणि त्याचा थोडा वेग वरच्या दिशेला वळतो. कागदावरच्या हिशेबाने तो १३ मिमी उडतो. लाकूड आणि क्लिअरकोट (वरचा पारदर्शक लेप) थोडे दबतात, त्यामुळे प्रत्यक्षात उडी कमी भरते. पण दिशा बिघडायला आणि टार्गेटवरून बॉल उडी मारून जायला तेवढी पुरते. पायरी व्हिझिटिंग कार्डाच्या जाडीएवढीसुद्धा नाही, तरी सगळे म्हणतात, ‘रॅम्पचा शॉट लागत नाही’, आणि लोक रॅम्प बदलत बसतात.

उपाय असा की दोन भाग अगदी सपाट जुळवण्याचा हट्टच धरायचा नाही. खालचा, खेळणाऱ्याकडचा भाग मुद्दाम ०.०५ ते ०.१ मिमी उंच ठेवायचा. वर जाणारा वेगवान बॉल पायरीवरून नुसता उतरतो, त्याला काही होत नाही. खाली येणारा बॉल सावकाश असतो. सेकंदाला १ मीटर वेगाने ०.१ मिमीच्या पायरीला लागला तर हिशेबाने उडी पाऊण मिमीपेक्षाही कमी.

काठाला नुसती कानस मारून ४५ अंशांचं छोटं चँफर (तिरका काप) दिल्याने फरक पडत नाही. ०.२ मिमीच्या पायरीवर बॉल काठापासून सव्वादोन मिमी अलीकडे असतानाच वरच्या कडेला टेकतो, अर्ध्या मिमीचं चँफर त्याच्या वाट्यालाच येत नाही. उतार द्यायचाच तर तो ८-१० मिमी लांब, पट्टीवर पॉलिश पेपर गुंडाळून, अलगद.

जागेवर बसवणं

मॉड्यूल दरवेळी त्याच जागी बसायला हवं, दहाव्या वेळी आणि दोनशेव्या वेळीही. त्यासाठी दोन १० मिमी व्यासाच्या स्टीलच्या डॉवेल पिना. एका पिनेला गोल भोक, दुसरीला सांध्याच्या दिशेने लांबट खाच. दोन्हीकडे गोल भोकं ठेवलीत तर पावसाळ्यात प्लाय फुगल्यावर मॉड्यूल अडकेल, आणि मालक ते ठोकून बसवेल. भोकं थेट लाकडात ठेवू नका. ३ मिमी पत्र्याची पट्टी किंवा दाबून बसवलेलं स्टीलचं बुश हवं.

उंचीसाठी मॉड्यूलखाली चार जॅक-स्क्रू (फिरवून उंची बदलायचे बोल्ट). एम६ बोल्टचा आटा १ मिमीचा असतो, म्हणजे अष्टमांश फेऱ्यात सव्वा दशांश मिमी. हाताला हे जमतं. याहून बारीक नियंत्रण हवं असेल तर ०.५ मिमी आट्याचा बोल्ट घ्या. लॉक नट विसरू नका. फ्लिपरच्या हादऱ्याने उघडे बोल्ट आठवड्यात फिरतात.

उंची नेहमी वरच्या पृष्ठभागावरून मोजा. बारा मिमी म्हणून विकलेला प्लाय साडेअकरा भरू शकतो, दमट हवेत जाडी बदलते, क्लिअरकोटही सगळीकडे सारखा बसत नाही. खालची बाजू फ्रेमवर टेकवून ‘दोन्ही प्लाय एकाच जाडीचे आहेत’ असं धरून चालणं ही या कामातली सगळ्यात महाग चूक. सरळ पट्टी सांध्याला काटकोनात, दोन्ही भागांवर ठेवा, फीलर गेजने (फटीत घालून मापायच्या पातळ पात्यांनी) तीन ठिकाणी मोजा: डावीकडे, मध्ये, उजवीकडे. हे मोजमाप क्लिअरकोट पूर्ण वाळल्यावर करायचं, आधी नाही. आणि शूटर लेन (प्लंजरच्या दांड्याने बॉल खेळात सुटतो ती वाट) सांधा ओलांडत असेल तर चौथं माप तिथलं. प्लंजरने सुटलेला बॉल तिथे सगळ्यात वेगात असतो.

कनेक्टर

मॉड्यूल खाली ठेवताच आपोआप जुळणारा, थोडा तरंगता बसवलेला ब्लाइंड-मेट कनेक्टर घ्या. हाताने सात-आठ प्लग जोडायला लावलेत तर कोणीतरी एक विसरणार आणि दुसरा उलटा लावणार. डॉवेल पिना कनेक्टरपेक्षा किमान १० मिमी आधी गुंतल्या पाहिजेत, नाहीतर मॉड्यूलचं वजन कनेक्टरच्या पिनांवर येतं.

आराखडा वीस पिनांचा ठेवा. ४८ व्होल्टच्या दोन, त्याच्या परतीच्या (प्रवाह पुरवठ्याकडे परत नेणाऱ्या) तीन, १२ व्होल्टची एक, ५ व्होल्टच्या दोन, लॉजिकच्या परतीच्या तीन, आरएस-४८५ च्या (बोर्डांमधल्या निरोपांच्या तारांच्या) दोन, एनेबलची (चालू करण्याच्या संकेताची) एक, इंटरलॉकच्या (मॉड्यूल नीट बसल्याची खात्री करणाऱ्या) दोन आणि चार मोकळ्या. मोकळ्या पिना चैन नाही, तिसऱ्या खेळाला त्या लागतातच. परतीच्या पिना सगळ्यांत लांब, म्हणजे त्या आधी जुळतात आणि शेवटी सुटतात. इंटरलॉकच्या दोन पिना सगळ्यांत आखूड. त्यांचा लूप पूर्ण झाला तरच ४८ व्होल्ट चालू व्हायचे. मॉड्यूल अर्धवट बसलेलं असेल किंवा कोणी चालू मशीनमधून उचललं, तर हा लूप सगळ्यात आधी तुटतो आणि जाड पिनांवर ठिणगी पडत नाही.

कॉइलची (फ्लिपर, बंपर हलवणाऱ्या विद्युतचुंबकी वेटोळ्याची) आणि लॉजिकची परतीची तार पुरवठ्यापर्यंत वेगवेगळी न्या. दोन्ही एकाच १८ गेज तारेतून नेल्या तर मीटरभर तारेत १२ अँपिअरला पाव व्होल्ट पडतो. शिवाय काळवंडलेल्या पिनेचा वेगळा. मग फ्लिपर मारला की एलईडी लुकलुकतात, स्विच आपोआप लागतो, आणि माणसं सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसतात. तारा क्रिंप करा, चांगल्या पक्कडीने. नुसत्या दाबून बसवायच्या आयडीसी टर्मिनलवर कॉइलचा प्रवाह देऊ नका. हादऱ्याने ती टर्मिनल ढिली पडतात.

अठ्ठेचाळीस व्होल्ट

आजच्या मशीनला ४८ व्होल्टचा स्विचिंग पुरवठा पुरतो. फ्लिपरच्या एफएल-११६२९ सारख्या कॉइलचं जोराचं वेटोळं सुमारे ४ ओहमचं, म्हणजे एका फ्लिपरला १२ अँपिअरपर्यंत. दोन्ही एकदम मारले की २४. इथे छोटा पुरवठा ओव्हरलोड समजून क्षणभर बंद पडतो आणि खेळणाऱ्याला फ्लिपर ‘मेल्यासारखा’ वाटतो. साडेतीनशे ते पाचशे वॅटचा पुरवठा घ्या आणि फ्लिपरजवळ १०,००० मायक्रोफॅरड, १०० व्होल्टचा कॅपेसिटर लावा. तो ४८ वरून ४२ व्होल्टपर्यंत उतरताना सुमारे २.७ ज्यूल देतो. तीस मिलिसेकंदांच्या एका फटक्याला जास्तीत जास्त १७ ज्यूल लागतात. म्हणजे कॅपेसिटर सुरुवातीचा धक्का सोसतो, उरलेलं पुरवठ्यालाच द्यावं लागतं. केवळ मोठा कॅपेसिटर लावून लहान पुरवठा निभावत नाही.

कॅपेसिटरवर १ किलोओहम, ५ वॅटचा रोधक कायमचा जोडून ठेवा. वीज बंद केल्यावर पन्नास सेकंदांत व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या खाली येतं. रोधक १ वॅटचा लावू नका. चालू मशीनमध्ये त्याच्यावर सतत २.३ वॅट पडतात आणि तो जळतो.

प्रत्येक कॉइलला १एन४००४ डायोड हवा. डायोड नसेल तर कॉइल बंद होताना उठणारा झटका ड्रायव्हरचा मॉसफेट (कॉइल चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) मारतो. उलटा जोडला तर पहिल्याच फटक्याला सरळ शॉर्ट. मॉसफेट म्हणून आयआरएल५४०एन सोयीचा: १०० व्होल्ट सोसतो आणि ५ व्होल्टच्या सिग्नलने पूर्ण उघडतो. मॉसफेट मरताना बहुतेक वेळा ‘चालू’ अवस्थेत अडकतो. मग ४ ओहमच्या कॉइलमध्ये ५०० वॅटहून जास्त उष्णता तयार होते, काही सेकंदांत वास येतो आणि मग धूर. सॉफ्टवेअर इथे काहीच करू शकत नाही, वाचवतो तो फ्यूज. म्हणून चार-पाच कॉइलच्या गटाला एक, ३ ते ५ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज. दोन फ्लिपरना दोन वेगळे. फटका क्षणाचा असल्याने १२ अँपिअरने तो उडत नाही, अडकलेल्या कॉइलने उडतो.

फटक्याची कमाल लांबी, समजा ४० मिलिसेकंद, ड्रायव्हर बोर्डातच कोरून ठेवा. कंप्युटरकडून एका सेकंदात काही निरोप आला नाही तर बोर्डाने सगळ्या कॉइल आपण होऊन सोडाव्यात. आणि कॉइन डोअर (पुढचं नाणी टाकायचं दार) उघडलं की ४८ व्होल्ट बंद. या तीन गोष्टी पहिल्या कच्च्या नमुन्यातही हव्यात. नमुना उघडाच असतो आणि हात त्यातच घातलेले असतात.

स्विच आणि मेंदू

तीन मीटर वेगाचा बॉल रोलओव्हर (बॉल वरून गेल्यावर दबणाऱ्या) स्विचच्या सेंटीमीटरभर तारेवरून ३ मिलिसेकंदांत निघून जातो. म्हणून सगळे स्विच दर मिलिसेकंदाला तपासा. स्लिंगशॉट आणि बंपरसाठी सलग दोन वाचनं सारखी आली की पुरे. ट्रफसाठी मात्र बॉल स्थिर होईपर्यंत अर्धा सेकंद थांबा, नाहीतर गणती चुकते. ट्रफमध्ये ऑप्टो (प्रकाशझोत अडल्याने लागणारे स्विच) लावा, फ्लिपरच्या शॉटच्या वाटेवर साधे लीफ किंवा मायक्रोस्विच.

फ्लिपरचं बटण आणि कॉइल यांच्यामध्ये कंप्युटर आणू नका. यूएसबीवरून निरोप जाऊन परत येईपर्यंत १५-२० मिलिसेकंद गेले की चांगल्या खेळाडूच्या हाताला ते लगेच कळतं, आणि कधी जास्त कधी कमी लागले तर त्याहून वाईट. ‘हा स्विच लागला की ही कॉइल मार’ हा नियम बोर्डातच ठेवायचा. पी-रॉक, पी३-रॉक, फास्ट आणि ओपीपी हे सगळे बोर्ड हे करतात. पहिल्या मशीनसाठी स्वतःचा बोर्ड बनवण्याचा मोह टाळा. तयार बोर्डावर मिशन पिनबॉल फ्रेमवर्क चालतं, ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, पायथॉनमध्ये लिहिलेलं. खेळाची रचना यामल (साध्या मजकुराच्या) फायलींत लिहायची. शंभर मशीनं विकली गेल्यावर स्वतःच्या बोर्डाचा हिशेब मांडा.

मॉड्युलर मशीनमध्ये फायलींचे दोन गट करा. कायम भागाचा एक, मॉड्यूलचा एक. मॉड्यूलमध्ये २४सी०२ सारखी छोटी ईईप्रॉम (वीज गेली तरी माहिती जपणारी चिप) बसवा: मॉड्यूलचा क्रमांक, आवृत्ती, प्रत्येक कॉइलचा जोर, चाललेले तास. मशीन सुरू होताना, ४८ व्होल्ट येण्याआधी, ती वाचून घ्या. क्रमांक जुळला नाही तर ४८ व्होल्ट द्यायचेच नाहीत. चुकीच्या फायलीने बंपरची कॉइल फ्लिपरसारखी धरून ठेवली तर दुसऱ्या खेळाला धूरच निघेल. ईईप्रॉम वाचायची आय-स्क्वेअर्ड-सी तार लांब आणि नाजूक असते, खेळ चालू असताना ती वापरू नका. चालू निरोपासाठी आरएस-४८५ आहे.

दिव्यांसाठी डब्ल्यूएस२८१२ एलईडी स्वस्त पडतात. पूर्ण पांढऱ्यावर एकाला ६० मिलिअँपिअर, म्हणजे शंभर दिव्यांना ५ व्होल्टवर ६ अँपिअर. म्हणून उजेडाची मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये घाला आणि त्यांची डेटा तार कॉइलच्या तारांपासून चार बोटं लांब ठेवा.

कच्चं प्लेफील्ड ते पक्कं प्लेफील्ड

पहिला नकाशा पूर्ण आकाराच्या कागदावर, दुसरा फोमबोर्डवर, तिसरा सीएनसीवर कापलेल्या १२ मिमी बाल्टिक बर्चवर. बाल्टिक बर्चच्या १२ मिमीत ९ थर असतात, आत पोकळी नसते, स्क्रू धरतात. यावर रंग नाही, चित्र नाही, फक्त खरे फ्लिपर आणि खरे रॅम्प. यालाच व्हाइटवुड म्हणतात. किमान तीन व्हाइटवुड होतील असं गृहीत धरा. पहिल्यावर प्रत्येक शॉट शंभर वेळा मारून किती लागले ते लिहा. सत्तर लागणारा शॉट सोपा, तीसच्या खालचा बहुधा चुकीच्या कोनात आहे. रॅम्पचा शॉट वरपर्यंत जात नसेल तर आधी सांध्याची पायरी मोजा, मग फ्लिपरची कॉइल, मग रॅम्प.

पक्क्या प्लेफील्डला प्लाय आठवडाभर वर्कशॉपच्या हवेत ठेवूनच कापा. इन्सर्ट (दिव्यांवरचे पारदर्शक प्लास्टिकचे तुकडे) इपॉक्सीने चिकटवा, केसभर वर ठेवा, घासून सपाट करा. खाली राहिलेला इन्सर्ट बॉलला वळवतो, वर राहिलेला उडवतो. त्यावर क्लिअर, चित्र, परत क्लिअर. दोन घटकांचा युरेथेन क्लिअर हाताला सुकलेला लागतो तेव्हा आतून ओलाच असतो. घाईने पोस्ट (रबर अडकवायचे खुंट) आवळले की त्याभोवती क्लिअर गोळा होऊन सुरकुततो आणि पुढे टवके निघतात. तीन-चार आठवडे थांबा. वेळापत्रकात हे आठवडे आधीच घालून ठेवा, कारण शेवटी तेच कापले जातात.

घासून बघणं

फ्लिपर दर सेकंदाला एकदा, सलग चार तास मारायला लावा आणि कॉइलचं तापमान लिहा. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. कॉइल साठ अंशांनी तापली की रोध जवळजवळ चोवीस टक्क्यांनी वाढतो, प्रवाह एकोणीस टक्क्यांनी घटतो आणि फ्लिपर दमल्यासारखा होतो. सकाळी लागणारा रॅम्प संध्याकाळी लागत नाही, तो यामुळे. थंड कॉइलवर जोर ठरवू नका. गरम कॉइलवर शॉट पूर्ण झाला पाहिजे.

नंतर मॉड्यूल दोनशे वेळा काढा-घाला. दर पंचविसाव्या वेळी पायरी मोजा आणि ४८ व्होल्टच्या पिनांवर १० अँपिअर सोडून दोन्ही बाजूंतला व्होल्टेज फरक नोंदवा. तो वाढत गेला की पिना झिजताहेत. हा कंटाळवाणा प्रयोग शिकाऊ मुलावर सोपवू नका, डिझाइन करणाऱ्यानेच करावा. पन्नासाव्या खेपेला पकडायची जागा कुठे हवी होती हे त्यालाच उमजतं.

प्लेफील्डवर चुंबक असतील तर बॉल हळूहळू चुंबकित होतात आणि ट्रफमधून दोन-दोन चिकटून बाहेर पडतात. बॉल बदला, ट्रफ दुरुस्त करायला घेऊ नका. सॉफ्टवेअरमध्ये दोन नोंदी जरूर ठेवा: पंधरा सेकंद कुठलाच स्विच लागला नाही तर अडकलेला बॉल सोडवायला कॉइल एकेक करून मारायच्या, आणि सलग तीस बॉलमध्ये न लागलेला स्विच संशयित म्हणून यादीत दाखवायचा.

पैसा आणि परवाने

अमेरिकेत विकायचं असेल तर करमणुकीच्या मशीनसाठी यूएल २२ आणि रेडिओ उत्सर्जनासाठी एफसीसी भाग १५. युरोपात ईएन ६०३३५-२-८२. चाचणी प्रयोगशाळेला पहिल्या व्हाइटवुडनंतर लगेच वायरिंगचा आराखडा दाखवा. तारांचे रंग, अर्थिंग, फ्यूजची जागा हे सगळं शेवटी बदलायचं म्हटलं तर अख्खा हार्नेस (तारांचा जुडगा) परत बनवावा लागतो.

पहिली थीम स्वतःची घ्या. परवान्याच्या थीमला आगाऊ रक्कम, प्रत्येक चित्राला मंजुरी आणि मुदत असते. नवं यंत्र आणि दुसऱ्याची मुदत एकत्र पेलत नाही. सुट्या भागांची किंमत विक्रीच्या किमतीच्या चाळीस टक्क्यांच्या आत बसली पाहिजे. उरलेल्यातून मजुरी, विक्रेत्याचं कमिशन, वाहतूक आणि वॉरंटी निघायची असते. आगाऊ नोंदणीचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. गिऱ्हाइकांच्या पैशांवर डिझाइन पुरं करायला गेलेल्या एकाहून जास्त पिनबॉल कंपन्या बुडाल्या, आणि पैसे दिलेले लोक मशीनशिवाय राहिले. डिझाइन स्वतःच्या पैशांवर पुरं करा, गिऱ्हाइकाच्या पैशांतून फक्त त्याच्या मशीनचे भाग घ्या.

मॉड्युलर कंपनीची खरी कसोटी दुसरं मॉड्यूल. पहिलं मशीन बाहेर पडण्याआधी दुसऱ्या खेळाचं व्हाइटवुड त्याच कॅबिनेटमध्ये बसवून खेळून बघा. सांध्यातल्या चुका तेव्हाच दिसतात: रॅम्पची उंची मागच्या काचेला लागते, कॉइलची खालची बाजू ट्रफच्या पत्र्याला घासते, वीसपैकी एक पिन कमी पडते.

पत्र्याचं लेझर कटिंग, पावडर कोटिंग, कॉइल गुंडाळणं ही कामं भोसरी-चाकणच्या वर्कशॉपना नवी नाहीत. पुण्यातून भाग बनवून घ्यायचे असतील तर ड्रॉइंगवर मिमीच लिहा आणि डॉवेलच्या भोकांना टॉलरन्स न विसरता लिहा: ±०.०५. ‘फिट बसेल असं’ लिहिलंत तर प्रत्येक बॅच वेगळी येईल.

मालकाच्या हाती देताना

मॉड्यूल बदलण्याचा क्रम एका जाड कार्डावर छापून कॉइन डोअरच्या आत लावा:

१. वीज बंद करून प्लग काढा, एक मिनिट थांबा.
२. बॉल ट्रफमधून काढून मोजा. सहा असतील तर सहाही हातात आले पाहिजेत.
३. काच काढून भिंतीला नाही, जमिनीवर गादीवर आडवी ठेवा. टफन्ड काचेचा कोपरा फरशीला लागला की अख्खी काच फुटते.
४. दोन्ही कुलपं उघडा, मॉड्यूल सरळ वर उचला, तिरकं नाही.
५. नवं मॉड्यूल आधी पिनांवर टेकवा, मग खाली दाबा, कुलपं लावा.
६. सरळ पट्टी सांध्यावर ठेवून तीन ठिकाणी गेज फिरवा, शूटर लेन सांधा ओलांडत असेल तर तिथेही. खालचा भाग ०.०५ ते ०.१ वर हवा.
७. काच न लावता सांध्यावरून दहा वेळा हाताने बॉल सोडा. टक् असा आवाज आला तर त्या बाजूचा जॅक-स्क्रू अष्टमांश फेरा फिरवा.

फीलर गेज, छोटी सरळ पट्टी आणि जॅक-स्क्रूचा पाना त्याच दाराच्या आत क्लिपमध्ये अडकवून द्या. सुटा पाना पहिल्याच महिन्यात हरवतो.